चोक, चावी आणि पाय : मराठवाड्यात गाडी सुरू करण्याचा इतिहास

आजचा विषय वाचून दोघा-तिघांचे फोन आले. म्हणाले, सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता गाडी सुरू कशी करायची ते सांगणार का? आम्ही म्हणालो, होय, तेच सांगणार. योग्य रीत कोण ठरवतं आणि कालची योग्य रीत आज चूक कशी होते, हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे. शिवाय या बाबतीत एक चूक आमच्या नावावर आहे. ती आधी सांगून टाकतो.

२००२चा डिसेंबर. आम्ही लातूरची नोकरी सोडून नांदेडला येऊन काही वर्षं झाली होती. शेजारी एक आक्का राहत. पहाटे पाचच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली. रिक्षा मिळेना. आमच्या दारात नवी गाडी उभी होती, घेऊन महिनाही झाला नव्हता. इंजेक्शनची, म्हणजे त्या वेळी जिला सगळे कौतुकानं एमपीएफआय म्हणत, ती. त्याआधी अठरा वर्षं आम्ही पद्मिनी चालवलेली. आक्कांना मागच्या सीटवर घेतलं, क्लच दाबला, थंडी आहे म्हणून उजव्या पायानं एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरला आणि चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. सेल्फचा आवाज जड व्हायला लागला. मागून आक्कांचं कण्हणं ऐकू येतंय.

गल्लीत एक पोरगा होता, सोळा-सतरा वर्षांचा, गॅरेजात कामाला जायचा. तो खिडकीशी आला नि म्हणाला, "सर, काय करायलात? पाय काढा की आधी." आम्ही त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून गाडी चालवतोय मी. तो हलला नाही. "पाय काढा सर. चावी बंद करा. आता चालू करून थांबा जरा. हं, आता मारा सेल्फ." गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

आक्का वाचल्या, पुढं बरीच वर्षं जगल्या. आमचं खेकसणं मात्र आमच्यापाशी राहिलं. अठरा वर्षांचा अनुभव एका गरजेच्या सकाळी आपल्याच विरुद्ध कसा उभा राहिला, हे समजून घ्यायला आम्हाला बरंच मागं जावं लागलं.

मुळात पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. प्रमाण साधारण एक किलो पेट्रोलला पंधरा किलो हवा. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. म्हणून सुरू करताना पेट्रोल जास्त लागतं. किती जास्त? हे कोण ठरवणार? मंडळी, गाडी सुरू करण्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पहिल्या काळात सगळा भार दंडावर होता. नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावं तेव्हा निजामाच्या राज्यात. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातलं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. निजामाच्या रेल्वेनं रस्ते वाहतुकीचं खातं काढलं १९३२मध्ये, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. त्या जमान्यात मोटार सुरू करायची म्हणजे समोर उभं राहून हँडल मारायचं. त्याचीही एक रीत होती. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला मूठ वळायची नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. कारण ठिणगी आधी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांना तो लागला. पण आपल्याकडं बॅटरीवर कोणाचा भरवसा? जीप, अॅम्बेसेडर, फियाट यांच्याबरोबर हँडल यायचंच आणि पुढं ते घालायला भोक असायचं. आमच्या वयाच्या माणसांनी ते वापरलेलं आहे.

दुसरा काळ चोकचा, आणि आम्ही त्याच काळातले, म्हणून इथं थोडं रेंगाळतो. कार्बुरेटरमध्ये हवा जिथून आत शिरते तिथं एक झडप असते, ती म्हणजे चोक. खुंटी ओढली की झडप मिटते, हवा कमी होते, त्या मानानं पेट्रोल जास्त जातं. डिसेंबरातल्या सकाळी आमच्या पद्मिनीची रीत ठरलेली होती. चोक पूर्ण ओढायचा, एक्सलेटर दोनदा दाबून सोडायचा, कारण प्रत्येक दाबाला कार्बुरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची चिळकांडी आत सोडतो. मग सेल्फ. इंजिन पकडलं की चोक अर्धा आत, मिनिटभरानं पूर्ण आत. आत ढकलायचा विसरला तर मागून काळा धूर, आणि प्लग काळे झाले म्हणून समजा.

जास्त दाबलं तर गाडी ओव्हरफ्लो व्हायची, पेट्रोलचा वास सुटायचा. तिथं उपाय वेगळा. चोक आत, एक्सलेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा, सोडायचा नाही, आणि सेल्फ मारत राहायचं. झडप पूर्ण उघडी राहते, भरपूर हवा शिरते, ओलं झालेलं आतून वाळतं. आता बघा, दोनदा दाबून सोडणं हा उपाशी इंजिनाचा उपाय, आणि तळापर्यंत धरून ठेवणं हा जास्त प्यालेल्या इंजिनाचा. दोन्ही उलट. पण आमच्यासारख्या घाईच्या माणसांनी दोन्ही मिळून एकच नियम केला : सुरू होत नाही, दाबा एक्सलेटर. जुनी गाडी दिलदार होती, तिनं आमची ही चूक वर्षानुवर्षं पोटात घातली.

उन्हाळ्याची तऱ्हा आणखी निराळी. मे महिन्यात लोह्याकडून अहमदपूरकडं येताना दुपारी गाडी थांबली की पुन्हा सुरूच होत नसे. नळीतच पेट्रोलची वाफ झालेली असायची, पंप नुसता वाफ ओढायचा. मग पंपावर ओलं फडकं टाकून बाभळीखाली बसायचं. एका कळशीभर पाण्याच्या निमित्तानं आम्हाला त्या रस्त्यावरची बरीच माणसं माहीत झाली.

लातूरला गंजगोलाईजवळ एक उस्ताद होते, कार्बुरेटरचे. शाळा चौथीपर्यंत. इंजिन चालू ठेवून डोळे मिटायचे, स्क्रू पाव आटा इकडं, अर्धा आटा तिकडं करायचे, आणि काम झालं की इंजिनावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करून दाखवायचे. नाणं पडायचं नाही. आम्ही वर्गात ज्ञानाच्या प्रमाणांवर बोलायचो, आणि शब्दात न मांडता येणारं ज्ञान कसं असतं याचं उदाहरण विद्यार्थ्यांनी मागितलं की त्यांना सरळ उस्तादांकडं पाठवायचो.

आता इंजेक्शन. शब्द नवा वाटतो, पण डिझेलचं इंजिन पहिल्यापासून इंजेक्शनवरच चालतं. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, सगळे. नांदेडला ट्रकवाल्यांच्या वस्तीत 'पंप व नोझल'च्या पाट्या आमच्या आठवणीत कायम आहेत, आणि त्यातलं पुष्कळ सामान नाशिकच्या मायकोत तयार व्हायचं. पेट्रोलच्या गाडीत मात्र ते उशिरा आलं. १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते यांत्रिक होतं. १९६७ साली बॉशनं विजेवर चालणारं इंजेक्शन फोक्सवॅगनला दिलं. तिथून आपल्या दारापर्यंत यायला तीस वर्षं लागली.

आणि ते आलं कशामुळं? दिल्लीच्या हवेमुळं. २९ एप्रिल १९९९ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की दिल्ली परिसरात खासगी मोटारी १ जूनपासून युरो एक आणि १ एप्रिल २०००पासून युरो दोनच्याच नोंदवायच्या. धुरातलं विष कमी करणारं जे यंत्र सायलेन्सरच्या वाटेवर बसवतात, त्याला हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं. स्क्रूच्या पाव आट्यानं ते साधत नाही. १९९८ला आलेल्या सँट्रोत इंजेक्शन होतंच, बाकीच्या कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. आणि कंपनी काही दिल्लीला एक नि नांदेडला दुसरं इंजिन फार दिवस बनवत बसत नाही. म्हणजे दिल्लीकरांच्या फुप्फुसांसाठी झालेला निर्णय आमच्या उजव्या पायापर्यंत येऊन पोचला. आम्हाला मात्र ते कोणी सांगितलं नाही. सोबत पुस्तिका मिळाली होती, ती आम्ही वाचली नाही. प्राध्यापक असून!

तर आता रीत ऐका. गाडी न्यूट्रलला, क्लच दाबलेला, पाय एक्सलेटरवरून काढलेला. चावी 'ऑन'वर आणून दोन सेकंद थांबायचं. मागच्या सीटखालून बारीक घूं असा आवाज येतो. टाकीतला पंप नळीत दाब भरत असतो. तो थांबला की सेल्फ. इंजिन किती गार आहे ते सेन्सर मोजतो, आतला छोटा संगणक त्या हिशेबानं इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो, सुरुवातीचा वेगही तोच चढवतो आणि तोच उतरवतो. चोकचं काम तो करतो. पाच-सात सेकंदांत पकडलं नाही तर थांबायचं, अर्धा मिनिट सेल्फला विसावा द्यायचा. सुरू झाल्यावर रेस करायची नाही, आणि दहा मिनिटं दारात घुरघुरत ठेवायचीही गरज नाही. अर्ध्या मिनिटानं सावकाश निघायचं.

आणि एक्सलेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर? बहुतेक गाड्यांत संगणक त्याचा अर्थ असा घेतो की इंजिन ओव्हरफ्लो झालंय, मालकाला ते वाळवायचंय. तो पेट्रोल बंद करतो. म्हणजे त्या पहाटे आम्ही जितका जोर लावत होतो, तितक्याच निष्ठेनं गाडी आमची आज्ञा पाळत होती. आम्ही तिला सुरू होऊ नकोस म्हणत होतो, आणि ती होत नव्हती.

वैशेषिकांनी संस्कार तीन प्रकारचा सांगितला : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सोडलेल्या बाणाला पुढं नेतो तो वेग. अनुभव आत्म्यात ठसा ठेवतो ती भावना. वाकवलेली फांदी परत जागेवर येते तो स्थितिस्थापक. विद्यार्थ्यांना आम्ही वेग नि स्थितिस्थापक जडाचे आणि भावना आत्म्याची असं शिकवत आलो. पायाचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं. आमचा पाय त्या सकाळी तिन्ही होता.

लातूरच्या उस्तादांची गोष्ट अर्धी राहिली. इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या तसं त्यांच्याकडचं काम आटलं. मुलांनी कर्ज काढून स्कॅनर घेतला. पडद्यावर आकडा येतो, आकड्याप्रमाणं सेन्सर बदलायचा. उस्ताद म्हणाले, "प्रोफेसरसाब, अब गाडी खुदही बोलती, मैं क्या सुनूं?" ते मोटारसायकलींकडं वळले. स्प्लेंडरच्या कार्बुरेटरवर पुष्कळ वर्षं निघाली. मग १ एप्रिल २०२०पासून बीएस सहा लागू झालं, आणि स्प्लेंडरलाही इंजेक्शन आलं. आमची शेवटची भेट झाली तेव्हा ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मुलगा आत काम करत होता. एक गिऱ्हाईक आलं, गाडी सुरू केली, आणि उस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, तिसरा प्लग. मुलानं स्कॅनर लावला. तिसऱ्याच सिलिंडरचा आकडा आला.

एक प्रश्न आलाय, तो घेऊन थांबतो. लातूरच्या एक ताई विचारतात, बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी सुरू करावी का? पूर्वी आपण सर्रास करत होतो. ताई, आता शक्यतो नको. संगणक, पंप, इंजेक्टर सगळे विजेवर. बॅटरी अगदीच मेली असेल तर धक्क्यानं काही होत नाही. आणि थोडीफार जिवंत असेल तर न जळलेलं पेट्रोल पुढं त्या धुराच्या यंत्रात जातं, ते महाग पडतं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून सुरू करा. आणि टाकी कधी पार कोरडी होऊ देऊ नका, आतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.