स्वयम्
पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या (सीओईपी) पदवी विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला लघुउपग्रह. वजन सुमारे 1 किग्रॅ.; आकार 10 सेंमी. बाजूच्या घनासारखा. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने (इस्रो) 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 अग्निबाणाने तो इतर 19 उपग्रहांसोबत सोडला. त्यांत चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचाही एक विद्यार्थी-उपग्रह होता. हौशी रेडिओच्या कंप्रतांवर एका ठिकाणाचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे, हे ‘स्वयम्’चे घोषित काम.

त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र दिशास्थिरीकरणात आहे. आत बसविलेला कायम चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहू पाहतो. पण एवढ्यावर उपग्रह चुंबकसूचीसारखा हेलकावतच राहील. ती डोलणी मंदायन दांड्या शमवितात. मऊ चुंबकीय धातूच्या या दांड्यांचे चुंबकन क्षेत्रातील बदलामागे रेंगाळते आणि गतीची ऊर्जा उष्णतेत जिरते. या पद्धतीला ना वीज लागते, ना इंधन. किलोभर वजनात ही काटकसर मोलाची. अचूक रोख मात्र तिने साधत नाही.

प्रकल्प 2008 च्या सुमारास सुरू झाला. पदवी चार वर्षांची, काम त्याच्या दुप्पट. त्यामुळे आराखडा करणारे आणि प्रक्षेपण पाहणारे विद्यार्थी बहुतांशी वेगळे. अशा उपक्रमात नोंदवह्या आणि चाचण्यांचे अहवाल पुढच्या तुकडीच्या हाती नीट सोपविणे, हे मार्गदर्शकांचे सर्वांत किचकट काम ठरते. इस्रोच्या तांत्रिक आढाव्यांना तोंड विद्यार्थ्यांनाच द्यावे लागते.