सर जस्टिनची कागदपत्रे

न्यूयॉर्कमधल्या ४८० लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू या पत्त्यावरून निघणाऱ्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या ६६व्या अंकावर ‘सप्टेंबर १९४१’ असा महिना छापलेला आहे. ‘शायनिंग नाइट’ या चिलखतधारी नायकाचा जन्म याच अंकातला. छापील महिना मात्र जसाच्या तसा घेऊन चालत नाही. अंक लवकर शिळा दिसू नये म्हणून अमेरिकन प्रकाशक पुढची तारीख टाकत आणि अंक सुमारे दोन महिने आधीच स्टॉलवर लागत. म्हणजे हा सरदार वाचकांच्या हाती पडला तो त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबरला. त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ नायकांप्रमाणे यालाही अमेरिकेच्या युद्धप्रवेशाचे अपत्य ठरवता येत नाही.

पहिल्या कथेचा ऐवज थोडक्यात असा. आर्थर राजाच्या दरबारातला तरुण सरदार सर जस्टिन ब्लंडरबोर नावाच्या राक्षसाला मारायला उत्तरेकडे निघतो. वाटेत तो झाडात अडकलेल्या मर्लिनला सोडवतो. मर्लिनच्या कांडीने त्याचे चिलखत सोनेरी आणि अभेद्य होते, तलवार काहीही कापू लागते आणि घोड्याला पंख फुटतात. राक्षस मरतो, पण सरदार बर्फाखाली गाडला जातो, तो थेट १९४१ साली बाहेर येतो. मुचकुंदाची गोष्ट ऐकलेल्या वाचकाला या झोपेचे नवल वाटणार नाही. जागा झालेला जस्टिन संग्रहालयात नोकरी धरतो आणि गरज पडली की चिलखत चढवून गुंडांवर तुटून पडतो. ना हुद्दा, ना परवाना.

बर्फातून निघालेला योद्धा म्हटले की आज कॅप्टन अमेरिका आठवतो. पण त्याला बर्फातून काढले ते मार्च १९६४च्या ‘ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात. छापील तारखांच्या हिशेबाने सर जस्टिन त्याच्याहून साडेबावीस वर्षांनी थोरला. अर्थात थोरलेपणाचा त्याला काही उपयोग झाला नाही.

पहिल्या कथेची चित्रे क्रेग फ्लेसेलची. १९३७ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ची सुरुवातीची मुखपृष्ठे काढणाऱ्यांपैकी हा एक, वयाच्या ९६व्या वर्षापर्यंत जगला. हॅल फॉस्टरची ‘प्रिन्स व्हॅलियंट’ ही चित्रमालिका फेब्रुवारी १९३७पासून वर्तमानपत्रांत गाजत होती. तिच्या यशावर डोळा ठेवूनच हा सरदार घडवला गेला असावा, असे मला वाटते. फरक एवढाच की फॉस्टरने आपला नायक आर्थरच्याच काळात ठेवला, तर इथे पिस्तूलवाल्या टोळ्यांपुढे तलवार उभी केली.

१९४१-४२च्या हिवाळ्यात ‘लीडिंग कॉमिक्स’ हे त्रैमासिक निघाले. त्यात सात दुय्यम नायकांची मोट बांधली होती: क्रिम्झन ॲव्हेंजर, ग्रीन ॲरो आणि त्याचा चेला स्पीडी, स्टार-स्पँगल्ड किड आणि त्याचा साथीदार स्ट्राइप्सी, व्हिजिलांटी आणि आपला सरदार. (क्रिम्झन ॲव्हेंजरचा चिनी सहकारी विंग बरोबर असायचाच, पण त्याला सातांत मोजले नाही. त्या काळच्या अमेरिकेबद्दल हा एक आकडाही पुष्कळ बोलतो.) या मंडळींना ‘लॉज लीजनेअर्स’, म्हणजे कायद्याचे सैनिक, असे म्हटले जाई, कायद्याने कोणी नेमलेले नसताना! प्रत्येक कथेचा साचा ठरलेला: सुरुवातीला सगळे एकत्र, मग एकेकाचे वेगळे प्रकरण, शेवटी पुन्हा एकत्र. हे चौदा अंक चालले. १९४५च्या पंधराव्या अंकापासून त्याच नावाखाली बोलक्या प्राण्यांच्या विनोदी गोष्टी छापू लागले.

आता त्याच्या अस्ताकडे वळू, कारण घोळ तिथेच होतो. जुने नायक संपले याचे खापर सहसा डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या कॉमिक्सविरोधी पुस्तकावर आणि त्याच विषयावरच्या सिनेटच्या सुनावणीवर फोडले जाते. पुस्तक १९५४चे, सुनावणीही त्याच वर्षीची आणि कॉमिक्सची आचारसंहिताही तेव्हाचीच. शायनिंग नाइट मात्र ‘ॲडव्हेंचर’मधून जुलै १९५१च्या १६६व्या अंकानंतर गेला होता. ज्याचा खून झाला म्हणतात तो तीन वर्षे आधीच गेलेला असेल, तर आरोपी बदलायला हवा.

तो बदलायला अंकांचे क्रमांक पुरेसे आहेत. एप्रिल १९४६च्या १०३व्या अंकात ‘ॲडव्हेंचर’ची खांदेपालट झाली. सँडमन आणि स्टारमन बाहेर गेले. ‘मोअर फन’ या मासिकातून सुपरबॉय, ॲक्वामन, ग्रीन ॲरो, जॉनी क्विक आत आले. जुन्यांपैकी सरदार तेवढा टिकला. म्हणजे तो अगदीच नावडता नव्हता. पण पुढे काय झाले ते फ्रँक फ्रझेटाच्या कामातून दिसते. ब्रुकलिनच्या या चित्रकाराने विशी ओलांडता ओलांडता शायनिंग नाइटच्या आठ कथा काढल्या. अंक असे: १५०, १५१, १५३, १५५, १५७, १५९, १६१, १६३. मासिक दरमहा निघते आणि पहिले दोन अंक सोडले तर सरदार या चौदा महिन्यांत एक महिना सोडून एक महिना येतो. संपादकाच्या लेखी तो पाने भरण्याच्या कामाचा उरला होता. तो गेला तो बाजाराच्या हिशेबात. नीतिरक्षकांचा त्यात हात नव्हता. गंमत अशी की आज या आठ अंकांना जी किंमत येते ती नायकासाठी नव्हे, तर पुढे तैलचित्रांनी गाजलेल्या फ्रझेटासाठी. दहा सेंटचे असले अंक युद्धकाळात आणि नंतरही ढिगाने रद्दीत गेले. मूळ चित्रफलकही चित्रकारांना परत देण्याची रीत तेव्हा नव्हती.

१९७२ साली लेन वीनने ‘जस्टिस लीग’च्या १०० ते १०२ या अंकांत ‘लीडिंग’मधल्या सातांना काळाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतून शोधून आणले, सरदार सापडला तो चंगीझखानाच्या मंगोलांत. पण त्याहून मोलाचा ऐवज १९७५मध्ये छापला गेला. जोसेफ सॅमॅक्सन हा जीवरसायनशास्त्रज्ञ कॉमिक्ससाठीही लिहीत असे. पुढे मार्शियन मॅनहंटरच्या जन्मातही त्याचा हात होता. या सात सैनिकांसाठी त्याने १९४०च्या दशकात लिहिलेली एक संहिता चित्रे न काढताच पडून राहिली होती. तिची प्रकरणे वेगवेगळ्या चित्रकारांना वाटून ती ‘ॲडव्हेंचर’च्या ४३८ ते ४४३ या अंकांत क्रमशः आली. ज्या मासिकाने सरदाराला १६६व्या अंकानंतर वगळले, त्याच मासिकात. सॅमॅक्सन तेव्हा हयात होता. तो वारला १९८०मध्ये.

ही कथा कोणत्या सालात लावायची? सूचिकार छपाईची तारीख प्रमाण मानतात आणि तिला १९७५मध्ये ढकलतात. मला ते पटत नाही. गुन्हेगार, संवाद, सातांची विभागणी, सगळे ‘लीडिंग’च्या साच्यातले आहे. फक्त रेषा नव्या आहेत. संहिता चाळीसच्या दशकात आणि चित्रे पंचाहत्तरमध्ये, अशा दोन नोंदी केल्या तर सर जस्टिनच्या कारकिर्दीचा हिशेब बरोबर लागतो.