डोंगरीच्या भिंती आणि मुलांचा न्याय

मुंबईच्या डोंगरी भागात, उमरखाडीला, उंच दगडी भिंतींची एक जुनी वास्तू आहे. मराठी माणसाला ती आठवते ती टिळक-आगरकरांमुळे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात अब्रुनुकसानीच्या आरोपावरून पंचविशीतल्या या दोघा संपादकांना १८८२ साली शिक्षा झाली आणि त्यांचे १०१ दिवस या तुरुंगात गेले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे जे छोटेखानी पुस्तक लिहिले, त्यामुळे डोंगरीचे नाव मराठी वाङ्मयात कायमचे नोंदले गेले. परंतु या वास्तूचे उत्तरचरित्र फारसे कोणाला ठाऊक नसते. तुरुंग म्हणून तिचे काम संपल्यावर, विसाव्या शतकात, तेथे मुले राहावयास आली. घरातून पळालेली, चोरी करताना सापडलेली, भीक मागणारी, रस्ता चुकलेली अशी ही मुले होती. ज्या भिंती कैद्यांसाठी बांधल्या, त्यांच्याच आत मुलांना संरक्षण देण्याचा उद्योग सुरू झाला. बालन्यायाचा आपल्या देशातील सारा इतिहास या एका विसंगतीत सामावलेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

श्रोतेहो, न्यायासनापुढे प्रौढ मनुष्य उभा राहिला म्हणजे न्यायाधीश विचारतो, याने काय केले? त्याच जागी दहा वर्षांचे मूल उभे राहिले तर तेवढा एकच प्रश्न पुरत नाही. हे मूल येथवर आले कसे, याच्या घरी कोण आहे, आणि आज येथून ते कोठे जाईल, हेही विचारावे लागते. हे प्रश्न न्यायालयाने विचारले पाहिजेत, ही गोष्ट मान्य व्हावयास आपल्याकडे सुमारे पाऊणशे वर्षे लागली. आणि ते विचारणारा माणूस, म्हणजे ज्याला आज आपण बाल संरक्षण अधिकारी किंवा परिवीक्षा अधिकारी म्हणतो, तो निर्माण व्हावयास त्याहूनही अधिक.

या वाटचालीचा आरंभ १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात दिसतो. अनाथ आणि दरिद्री मुलांना एखादा धंदा शिकता यावा, म्हणून दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना कारागिराकडे करारबद्ध करण्याची सोय या कायद्याने केली. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलासही दंडाधिकारी याच वाटेने धाडू शकत असे. हेतू चांगला होता; पण मूल आणि मालक यांच्यातील करारावर देखरेख कोणी ठेवावयाची, हा प्रश्न तसाच राहिला. त्यानंतर दहा वर्षांनी भारतीय दंड संहिता आली. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. आणि सात ते बारा या वयात, आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी मुलाची बुद्धी परिपक्व झाली नसेल, तर तेही गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व तिने घालून दिले. २०२४ साली अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. मात्र त्याच काळातील, १८६४ चा, फटक्यांच्या शिक्षेचा कायदा अल्पवयीन अपराध्याला इतर शिक्षेऐवजी वेताचे फटके मारण्याची मुभा देत होता, हेही विसरता येत नाही. एका हाताने वयाचा विचार करावयाचा आणि दुसऱ्या हातात वेत धरावयाचा, अशी त्या काळच्या न्यायाची मूर्ती होती.

इंग्लंडात याच सुमारास मेरी कार्पेंटर या विदुषीने ब्रिस्टल शहरात उनाड व अपराधी मुलांसाठी शाळा चालविल्या होत्या. मुलांना तुरुंगात घालणे म्हणजे त्यांना गुन्हेगारीचे शिक्षण देणे, हे तिने आपल्या लेखनातून आग्रहाने मांडले, आणि १८५४ साली तेथे सुधारशाळांचा कायदा होण्यात तिचा मोठा वाटा होता. राजा राममोहन रॉय यांचे १८३३ साली ब्रिस्टलमध्ये निधन झाले. कार्पेंटर घराण्याशी त्यांचा स्नेह होता, आणि त्या स्मृतीनेच ती हिंदुस्थानकडे ओढली गेली. १८६६ साली ती प्रथम येथे आली. नंतरही तिने तीन वेळा हा प्रवास केला. मुलींचे शिक्षण, तुरुंगांची सुधारणा आणि अपराधी मुलांसाठी स्वतंत्र शाळा हे तिचे सांगणे होते. १८७६ साली हिंदुस्थानात सुधारशाळांचा कायदा झाला व १८९७ साली त्याला नवे रूप मिळाले. शिक्षा झालेल्या पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येऊ लागले. पुण्याजवळ येरवड्यास अशी शाळा चालू झाली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योगशाळा तर त्यापूर्वीच उभी होती. या कायद्यात मुलींना मात्र जागा नव्हती. ‘बाल-अपराधी’ या शब्दाची व्याख्याच मुलगा अशी होती.

येथे एक कडू प्रकरण सांगितले पाहिजे. ज्या १८९७ साली सुधारशाळांचा कायदा सुधारला गेला, त्याच साली ‘गुन्हेगार जमातीं’च्या कायद्यातही दुरुस्ती झाली, आणि त्या जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून निराळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या मुलांनी काहीही केलेले नव्हते. विशिष्ट घरी जन्म, एवढाच त्यांचा अपराध. आणि हेही ‘सुधारणे’च्याच नावाने चालले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला व त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु मुलाला आईपासून दूर नेणे हीच त्याची सुधारणा, असे समजणाऱ्या राज्यकर्त्यांची दयाही किती निर्दय होऊ शकते, याचा हा धडा आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो मनाशी बाळगावा असा आहे.

सरकारच्या या वाटेशेजारून समाजाचीही एक वाट जात होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या एका विधवा मातेचे मूल, यशवंत, त्यांनी आपले म्हणून वाढविले. पुढे पंढरपुरासही प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी असेच गृह चालविले. तेथे मुलाकडे कायद्याचा कागद मागितला जात नव्हता. दार उघडे होते, एवढेच. मुलाला आधी आसरा द्यावा आणि मग चौकशी करावी, हा क्रम या घरांनी कायद्याच्या कितीतरी आधी ओळखला होता.

विसाव्या शतकाबरोबर जगाची दृष्टी पालटू लागली. अमेरिकेतील शिकागो येथे १८९९ साली पहिले बालन्यायालय स्थापन झाले. त्याच देशात, बोस्टन शहरी, जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार १८४१ पासून न्यायालयात जाऊन आरोपींना आपल्या हमीवर सोडवून आणीत असे. त्यांत पुढे लहान मुलेही असत. या माणसांना तो काम शोधून देई आणि ठरल्या दिवशी त्यांच्या वर्तनाची हकीकत न्यायाधीशाला सांगे. परिवीक्षा अधिकाऱ्याचा पूर्वज म्हणून इतिहास त्याच्याकडे बोट दाखवितो. त्याला पगार नव्हता, पद नव्हते. होती ती केवळ माणसाविषयीची आस्था आणि हिशेब ठेवण्याची शिस्त. या व्यवसायाला आजही याच दोन गुणांचे भांडवल लागते.

आपल्याकडे १९१९-२० च्या तुरुंग समितीने स्पष्ट शिफारस केली, की मुलांसाठी वेगळी न्यायालये असावीत आणि चौकशीच्या काळात त्यांना कोठडीत न ठेवता निराळ्या गृहात ठेवावे. त्यानुसार मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली मुलांचे कायदे केले. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिने डोंगरीचे गृह सांभाळले, तसेच मानखुर्दलाही मुलांसाठी वसतिस्थान उभे केले. १९३६ साली मुंबईतच क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मुलाच्या घरी जाऊन चौकशी कशी करावी, त्याच्या शिक्षकाशी, शेजाऱ्याशी काय बोलावे, आणि हे सारे न्यायालयापुढे नेमकेपणाने कसे मांडावे, याचे शास्त्र येथे शिकविले जाऊ लागले. दया ही अंगी असावी लागते, पण अहवाल लिहिणे शिकावे लागते, हे आपण तेव्हा प्रथम मान्य केले.

स्वातंत्र्यानंतर कायदे वाढले. उत्तर प्रदेशाने १९५१ साली आपला कायदा केला. केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० साली संसदेने केला. तरीही १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक भयंकर गोष्ट आली. कानपूरच्या तुरुंगात सोळा वर्षांखालील मुले प्रौढ कैद्यांबरोबर ठेवलेली असून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होतात, ही ती तक्रार. कायदा होऊन तीस वर्षे लोटली होती! मग मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरातील तुरुंगांत असलेल्या मुलांचा प्रश्न न्यायालयापुढे नेला. १९८६ च्या निकालात न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगात जाऊन मुलांचा शोध घ्यावयास सांगितले, आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पुरा झाला नाही, तर ते प्रकरण मिटलेले समजावे असे ठरविले. त्याच वर्षी संसदेने सर्व देशासाठी बालन्यायाचा एकच कायदा केला. तो २ ऑक्टोबर १९८७ रोजी अंमलात आला.

त्यात मुलग्यासाठी वयाची मर्यादा सोळा व मुलीसाठी अठरा होती. भारताने १९९२ साली बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला मान्यता दिल्यावर, २००० च्या नव्या कायद्याने दोघांसाठीही अठरा हे वय ठरविले. दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते यांचे बालन्याय मंडळ, आणि निराधार मुलांसाठी बालकल्याण समिती, अशी दुहेरी रचना उभी राहिली. २००९ सालच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने जिल्ह्याजिल्ह्यांत बाल संरक्षण कक्ष आणि अधिकारी दिले.

या अधिकाऱ्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कागदी वाटते. मूल मंडळापुढे आल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यावयाचा असतो. पण एखाद्या सायकलचोराची कल्पना करा. पोलिसांच्या कागदात त्याचे नाव, वय आणि सायकल एवढेच असते. अधिकारी त्याच्या वस्तीत जातो तेव्हा कळते, की बाप परगावी गेला तो परतला नाही, आई पहाटे कामाला बाहेर पडते, आणि शाळेच्या पटावरून मुलाचे नाव केव्हाच कमी झाले आहे. या चार ओळी अहवालात आल्या की नाहीत, यावर ते मूल आईच्या हाती सोपविले जाईल, की तीन वर्षे विशेष गृहात राहील, हे पुष्कळदा ठरते. मुलाच्या आयुष्यातील तीन वर्षे म्हणजे किती मोठा काळ, हे आपण मोठी माणसे विसरलेलो असतो.

या व्यवस्थेची सर्वांत कठीण परीक्षा २०१२ च्या डिसेंबरात झाली. दिल्लीतील त्या अमानुष अत्याचारात एक आरोपी सतरा वर्षांचा होता, आणि साऱ्या देशाचा संताप त्याच्या वयावर येऊन थांबला. त्या संतापाला कारण होते. बळी पडलेल्या मुलीचे दुःख कोणत्याही तत्त्वाने लहान होत नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने वयोमर्यादा कमी करण्याची शिफारस केली नव्हती; तरी २०१५ चा कायदा झाला, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास, त्याची समज व परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करून प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट खुली झाली. मृत्युदंड किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप मात्र या कायद्यानेही निषिद्ध ठेवली. मुलाच्या मनात शिरून त्याची परिपक्वता मोजावयाची, हे काम किती नाजूक आहे, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्यासाठी मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्यावर भर दिला.

समाजाची सुरक्षितता आणि मुलाचे भवितव्य यांत काय निवडावे, असा प्रश्न या वादात वारंवार विचारला जातो. इतिहासाकडे पाहिले तर ही निवड खोटी वाटू लागते. तुरुंगात घातलेली मुलेही एक ना एक दिवस बाहेर येतातच आणि याच समाजात राहतात. ती कशी बाहेर येतील, याची काळजी करणे ही समाजाच्या सुरक्षिततेचीच काळजी होय.

आजचा कायदा सांगतो, की कोणत्याही मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येणार नाही, त्याला बेडी घालता येणार नाही, चोवीस तासांत त्याला मंडळापुढे आणले पाहिजे. मुलांना कोठडीत ठेवू नये, हे १९२० सालीही सुचविले गेले होते. शंभर वर्षांत कायद्याची भाषा सुधारली, संस्थांची नावे बदलली. न्याय मात्र अजूनही एखाद्या संध्याकाळी, एखाद्या पोलीस ठाण्यात, कोणी तरी वेळेवर पोहोचते की नाही, यावर अवलंबून राहतो. डोंगरीच्या भिंती तेथेच आहेत. त्यांच्या आत तुरुंग असावा की घर, याचा निर्णय दगडांनी कधीच केला नाही. तो प्रत्येक पिढीतील माणसांनी केला, आणि आपल्यालाही तो करावयाचा आहे.