पूर्वनिर्मित घरे, ब्रिटनमधील (१९४४–४९)

कारखान्यात तयार केलेले भाग बांधकामाच्या जागी आणून त्यांच्या जुळणीने उभारलेल्या घरास पूर्वनिर्मित घर म्हणतात. पारंपरिक बांधकामात एखादे साहित्य वेळेवर न आल्यास गवंड्यास दुसरे काम हाती घेता येते. पूर्वनिर्मित घरात मात्र एक भाग अडला, की पुढील जुळणी खोळंबते. त्यामुळे या पद्धतीचे यश पुरवठ्याच्या सातत्यावर अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनने हाती घेतलेली तात्पुरत्या घरांची योजना हे याचे उद्‌बोधक उदाहरण होय.

जर्मन बाँबहल्ल्यांत ब्रिटनमधील लक्षावधी घरांची हानी झाली. युद्धकाळात नवी घरबांधणी जवळजवळ थांबली होती व बांधकामातील बहुतेक कुशल कामगार सैन्यात किंवा युद्धोद्योगांत गुंतले होते. मार्च १९४४ मध्ये पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी पाच लाखांपर्यंत तात्पुरती घरे कारखान्यांतून निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षी यासाठी कायदा होऊन १५ कोटी पौंडांच्या खर्चास मान्यता मिळाली. या घरांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे दहा वर्षे होते.

आरंभी सर्व भिस्त पोलादी पत्र्यांच्या ‘पोर्टल’ घरावर होती. बांधकाममंत्री लॉर्ड पोर्टल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घराचा नमुना १९४४ मध्ये लंडनच्या टेट कलावीथीत मांडण्यात आला. तथापि पोलादाच्या टंचाईमुळे त्याचे उत्पादन झालेच नाही. एकाच साहित्यावर विसंबण्यातील धोका यातून स्पष्ट झाला.

परिणामी भिन्न साहित्यांचे अनेक नमुने स्वीकारण्यात आले. ‘आर्कॉन’ घरात पोलादी सांगाडा व ॲस्बेस्टस सिमेंटचे पत्रे, ‘युनि-सेको’त लाकडी सांगाडा व ॲस्बेस्टस सिमेंट, तर ‘टॅरन’ घरात लाकडी सांगाडा व काँक्रीटचे फलक वापरले जात. विमानांची मागणी घटल्याने मोकळे झालेले कारखाने, कामगार व ॲल्युमिनियम यांच्या आधारे ॲल्युमिनियमची सु. ५४,५०० घरे तयार झाली. ती चार भागांत मालमोटारींवरून नेत. कारखान्याची सोय झाली, तरी ही घरे विटांच्या घरांपेक्षा महाग पडली.

परदेशी पुरवठाही बेभरवशाचा ठरला. अमेरिकेकडून ‘लेंड-लीज’ व्यवस्थेखाली ३०,००० घरे मागविली होती. १९४५ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आल्याने प्रत्यक्षात ८,४६२ घरेच मिळाली.

स्वयंपाकघर व स्नानगृह यांची नळजोडणी एकत्र सामावणारा प्रमाणित घटक बहुतेक नमुन्यांत समान होता. त्यामुळे उत्पादन सुलभ झाले. पण वेगवेगळ्या नमुन्यांची गती या एकाच घटकाच्या पुरवठ्याशी बांधली गेली.

१९४९ पर्यंत एकूण १,५६,६२३ घरे उभी राहिली. म्हणजे जाहीर संकल्पाच्या एक तृतीयांशाहून कमी. योजना अपुरी राहिली, तरी ती कोलमडली नाही. कारण एका साहित्याची उणीव दुसऱ्याने भरून काढता आली. दहा वर्षांसाठी बांधलेल्या यांतील अनेक घरांत लोक कित्येक दशके राहिले. लंडनच्या कॅटफर्ड भागातील एक्सकॅलिबर वसाहतीतील सहा घरांना २००९ मध्ये संरक्षित वास्तूंचा दर्जा देण्यात आला. मानकीकरणाने वेग मिळतो, तर पर्यायी साहित्य व पर्यायी कारखाने यांनी तो टिकतो, असे या योजनेच्या इतिहासावरून दिसते.