वज्री, बारव आणि आपल्या टाचा

गोरेगावात गटाची बैठक भरली की चपला दारात निघतात आणि आत बसल्याबरोबर प्रत्येक बाई आधी पाय लुगड्याखाली ओढून घेते. टाचांच्या भेगा कुणाला दिसू नयेत म्हणून. मागच्या बैठकीत एका नव्या सुनेनं विचारलं, "ताई, पार्लरात पेडिक्युअर करतात म्हणे, ते काय असतं?" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, वज्रीनं पाय घासायचे पैसे घेतात!" सगळ्या हसल्या. पण मावशींचं खरंच आहे. पेडिक्युअर म्हणजे पायांची निगा, आणि ती आपल्याकडे जुनीच आहे. म्हणून आज पायांचा इतिहास सांगते.

वज्री तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. खालून खरबरीत, वरून धरायला मूठ. गरिबाघरी ती भाजल्या मातीची असायची, नाहीतर विटेचा तुकडा किंवा नदीकाठचा दगड. श्रीमंताघरी पितळेची, वर मोर नाहीतर पोपट. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जुन्या घरांतल्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सगळा महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. तिथं दिवे, अडकित्ते यांच्यासोबत वज्र्याही मांडून ठेवल्या आहेत. पाय घासायची वस्तूसुद्धा कुणीतरी हौसेनं घडवली होती, हे तिथं दिसतं.

पण हौस कुणाच्या पायांची? पाहुणा आला की पाय धुवायला पाणी द्यायचं. लग्नात जावयाचे पाय धुवायचे. सासऱ्यांच्या तळव्याला काशाची वाटी घासायची. हे सगळं करणारी बाईच, आणि तिचे स्वतःचे पाय मात्र भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. पंढरपूरच्या मंदिरात नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्या माथी लागावी, म्हणून त्यांनी पायरीची जागा मागितली असं सांगतात. दुसऱ्याच्या पायांना एवढा मान देणाऱ्या या मातीत बाईला स्वतःच्या पायांची लाज का वाटावी?

आता पायांच्या दुखण्याचा इतिहास ऐका. तुमच्या सासूबाईंना विचारा, नारू माहीत असेल. पायातून निघणारा जंत, हातभराहून लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला की पाय सुजायचा. ऐन पेरणीत माणूस खाटेवर. हा यायचा पायऱ्यांच्या विहिरीतून, बारवेतून. नारूची जखम असलेली बाई घागर भरायला पाण्यात उतरली की जखमेतून जंताची पिल्लं पाण्यात जायची. पाण्यातले बारीक किडे ती गिळायचे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात साधारण वर्षभरानं नवा नारू तयार. या रोगावर ना औषध होतं ना लस. १९८३-८४ च्या सुमारास देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. हातपंप बसले, विहिरींत औषध पडलं, आणि घरोघरी बायांनी पाणी कापडातून गाळलं. १९९६ च्या जुलैत राजस्थानात देशातला शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लाखो पाय वाचले ते मलमानं नाही, फडक्यानं वाचले.

दुसरी गोष्ट कुष्ठरोग्यांची. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं, त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड काम करत होते. लोक समजायचे की या रोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवलं की पाय बधिर होतात, खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही, आणि जखम वाढत जाते. म्हणून रोज पाय तपासायचे आणि मऊ रबराच्या चपला घालायच्या, हा उपाय निघाला.

ही गोष्ट आज सांगायचं कारण आहे. साखरेच्या आजारातही पाय तसेच बधिर होतात. आमच्या गटातल्या एका काकूंच्या अंगठ्याला सड लागली. दुखत नाही म्हणून त्यांनी महिनाभर पाहिलंच नाही. शेवटी अंगठा काढावा लागला. दुखलं नाही, तिथंच घात झाला.

म्हणून आता घरच्या घरी काय करायचं ते सांगते. आठवड्यातून एकदा घमेल्यात कोमट पाणी घ्या, दहा मिनिटं पाय बुडवा, वज्री हलक्या हातानं फिरवा. पाय कोरडे पुसा, बोटांच्या बेचक्यात विशेष, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या होतात. टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून झोपा. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. भेगांवर बिब्ब्याचा चटका देऊ नका, बिब्ब्यानं कातडी भाजते आणि फोड येतात. कुरूप ब्लेडनं कापू नका. पार्लरात गेलात तर हत्यारं धुऊन घेतलीत का, हे बिनधास्त विचारा. परसाकडं आणि ओल्या रानात अनवाणी जाऊ नका. मातीतला आकडीचा जंत तळपायातून अंगात शिरतो आणि रक्त पितो. आपल्यातल्या कितीजणींचं रक्त कमी भरतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

साखर असलेल्या बायांनी पाय भिजत ठेवायचे नाहीत, वज्री घासायची नाही, शेकायचंही नाही. रोज रात्री उजेडात तळवा पाहायचा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर नातीला बघायला सांगा. बारीक जखम दिसली तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायचा.

पुढच्या बैठकीत आमच्या गटानं ठरवलंय, हप्ता गोळा झाला की पाय लुगड्याबाहेर काढायचे आणि एकमेकींचे तळवे बघायचे. तुम्हीही तुमच्या गटात करून बघा. आधी हसू येईल, मग कुणाचीतरी न दुखणारी जखम दिसेल. ती वेळेवर दिसली तर तिचा पाय वाचेल.