सूत्रकृमींची जन्मजात प्रतिकारशक्ती

आळंदीच्या इंद्रायणीकाठची असो वा अन्य कोठली, मूठभर ओलसर मातीत नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारे अनेक सूत्रकृमी नांदत असतात. त्यांतील कित्येकांचे अन्न म्हणजे जिवाणू. मात्र याच अन्नात प्राणघातक जिवाणूही असू शकतात. सूत्रकृमींच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यांच्याजवळ नसतात. त्यांचे संरक्षण जन्मजात प्रतिकारशक्तीवरच अवलंबून असते.

या शक्तीचा सर्वाधिक अभ्यास ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ या सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीवर झाला आहे. जनुकसंच उलगडलेला हा पहिला बहुपेशीय प्राणी (१९९८). त्याचा जवळचा आप्त ‘सीनोऱ्हॅब्डायटिस ब्रिग्सी’ याचा संशोधनातील प्रमाण वाण अहमदाबादच्या मातीतून मिळालेला आहे.

या कृमीचे संरक्षण तीन पातळ्यांवर चालते. घशातील दळण-यंत्रासारखा अवयव गिळलेल्या जिवाणूंचा चुरा करतो. त्यातून वाचलेल्या जिवाणूंशी आतड्यातील पेशी लायसोझाइमसारखी जंतुनाशक प्रथिने स्रवून लढतात. शिवाय, ज्या जिवाणूने आजारी पाडले त्याचा गंध टाळण्यास कृमी शिकतो, हे २००५ मध्ये कॉर्नेलिया बार्गमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले.

‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ हा जिवाणू माती-पाण्यात आढळतो आणि रुग्णालयांत भाजलेल्या जखमा व फुप्फुसे यांना संसर्ग करतो. तो या कृमीलाही मारतो, असे अमेरिकेतील फ्रेडरिक ऑसुबेल यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. २००२ मध्ये डेनिस किम व सहकाऱ्यांनी ‘पी-३८’ ही प्रथिनांची संदेशसाखळी शोधली. ती निकामी झालेले कृमी संसर्गाने लवकर मरतात. हीच साखळी मानवी पेशींतही प्रतिकाराचे काम करते. याउलट, माशी व मनुष्य यांच्यात महत्त्वाचे असलेले ‘टोल’ ग्राहक कृमीत गौण ठरतात. म्हणजेच प्रतिकाराची काही साधने अतिप्राचीन व समाईक आहेत, तर काही प्रत्येक वंशाने आपापल्या परीने वापरली.

प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना या अभ्यासाला व्यावहारिक मोल आहे. २००६ मध्ये संसर्गित कृमींवर हजारो रसायने तपासण्यात आली. कृमीला वाचवणारी काही रसायने परीक्षानळीत मात्र जिवाणूंची वाढ रोखत नव्हती. जंतूला थेट न मारता रुग्णाला तारणारी औषधे शोधण्याचा मार्ग या इवल्या प्राण्याने असा दाखवला आहे.