साभार परत आलेला शोध

आमच्या बिद्रीकडे एखाद्या घराबद्दल ‘त्यांना टाटाला न्यावं लागलं’ एवढं कानावर आलं, की पुढं कुणी काही विचारत नाही. टाटा म्हणजे मुंबईत परळला असलेलं टाटा स्मारक रुग्णालय, आणि आजार म्हणजे कॅन्सर. या धास्तीच्या शब्दामागं माणसाच्या चिकाटीचा मोठा इतिहास आहे. त्यातली एक वाट तर चक्क कोंबडीच्या शेपटापाशी सुरू होते.

कोंबडीच्या पिलाच्या शेपटाच्या मुळाशी एक लहानशी पिशवी असते. इटलीतल्या पादुआच्या फाब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञानं तिचं वर्णन करून ठेवलं. त्याचा ग्रंथ छापला गेला १६२१ साली. ‘फाब्रिशियसचा बर्सा’ हे नाव तिला मिळालं, पण ती करते काय, हे तीनशे वर्षं कुणाला कळलं नाही.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ओहायो इथं ब्रूस ग्लिक हा तरुण संशोधक पिलांची ही पिशवी काढून काय फरक पडतो ते पाहत होता. त्याचा सहकारी टिमोथी चँग याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून त्यानं ग्लिककडच्या कोंबड्या नेल्या. त्यांना जंतू टोचले. रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी द्रव्यं, तयार व्हायला हवी होती. पिशवी काढलेल्या बहुतेक कोंबड्यांत ती झालीच नाहीत. प्रात्यक्षिक फसलं आणि शोध लागला! निबंध एका नामवंत विज्ञान नियतकालिकानं परत पाठवला. शेवटी १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. कवितांची पाकिटं ‘साभार परत’ घेतलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जवळची वाटते.

१९६५ साली मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी दाखवलं, की शरीराच्या संरक्षणाच्या फौजा दोन आहेत. थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशींना पुढं ‘टी’ हे नाव पडलं, तर बर्सातल्या पेशींना ‘बी’. प्रतिपिंडं घडवतात त्या बी पेशी. माणसाला बर्सा नाही. आपल्या बी पेशी हाडांतल्या मज्जेत जन्मतात.

पण राखणदारच फिरला तर? रक्ताचे आणि लसिका ग्रंथींचे कितीतरी कर्करोग बी पेशी बिघडल्यानंच होतात. १९९७ साली अमेरिकेत रिटुक्सिमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते स्वतः एक प्रतिपिंड, म्हणजे बी पेशींचंच शस्त्र बी पेशींवर उगारलेलं. इतर गाठींच्या बाबतीत मात्र संशोधकांचं लक्ष मुख्यतः टी पेशींवरच होतं. जानेवारी २०२० मध्ये एकाच वेळी तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. गाठीत बी पेशींचे पुंजके असतील, तर प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या उपचारांना रुग्ण अधिक चांगला प्रतिसाद देतात, असं त्यांत दिसलं. काही बी पेशी उलट फौजेला आवरतातही. मित्र कोण नि फितूर कोण, याचा उलगडा अजून चालू आहे.

आता आपल्या मुंबईकडं येऊ. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कर्करोग संशोधनाचा पाया घातला. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून घडवलेल्या ‘कार-टी’ उपचारातही पेशी बाहेरच वाढवाव्या लागतात. रुग्णाच्या टी पेशी काढून त्यांना बी पेशींवरची खूण ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि परत शरीरात सोडतात. ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिल्या रुग्णाला तो दिला गेला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळाली. आजार उलटलेल्या, इतर औषधं थकलेल्या रुग्णांसाठी तो आहे. चाचण्यांत चारांपैकी जवळजवळ तिघांना गुण आला. यात बिघडलेल्या बी पेशींबरोबर चांगल्याही मरतात, म्हणून पुढं जंतुसंसर्गापासून रुग्णाला जपावं लागतं.

परदेशाच्या मानानं इथं खर्च दहाव्या हिश्शात येतो. तरी तो लाखांतच आहे. उसाच्या बिलावर वर्ष काढणाऱ्या घराला दहावा हिस्सासुद्धा डोंगराएवढाच. कोंबडीच्या पिशवीपासून खारघरपर्यंतची वाट शास्त्रज्ञांनी चालून दाखवली. खारघरपासून बिद्रीपर्यंतची वाट मात्र त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. ती सरकारनं आणि समाजानं मिळून बांधायची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)